विहिरीवरची पेटी कां तापते ?

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील जमिनीची वांटणी नीरा डाव्या कालव्यानें केली आहे. १८८५ च्या सुमारास हा कालवा वाहूं लागला. तेव्हांपासून त्याच्या खालच्या अंगास ऊंस आणि वरच्या अंगास, जेथें पाणी आपण होऊन चढत नाहीं तेथें, ज्वारी-बाजरी व आभाळाकडे लागलेले डोळे, असा जो भेद पडला तो अद्याप पुरता मिटलेला नाहीं. वरच्या अंगास ज्याला बागाइताची हौस त्यानें विहीर खणावी, तीवर मोटार बसवावी आणि विजेची वाट पाहावी. वीज शेताला मिळावयाची ती पुष्कळदां रात्रीं. घरचा कर्ता मुलगा हातांत विजेरी घेऊन मध्यरात्रीं दारें धरावयास जावयाचा आणि तो परत येईपर्यंत माजघरांतील दिवा मालवावयाचा नाहीं, हा अनुभव ज्यांच्या घरीं अजून शेती आहे त्यांस नवा नाहीं.

ही रात्रपाळी चुकविणारी वस्तु म्हणजे सौर पंप. केंद्र सरकारची ‘कुसुम’ योजना २०१९ सालीं निघाली आणि महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ ही योजना काढली. तींत शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा (अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें विसावा). अडीच एकरांपर्यंत तीन, पांच एकरांपर्यंत पांच व त्यापुढें साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळावयाचा. आणि पांच वर्षें दुरुस्तीची हमी पुरवठादारानें द्यावयाची, अशी व्यवस्था ठरली. व्यवस्था चांगली आहे. परंतु हमी कागदावर असते आणि पीक शेतांत असतें. या दोहोंमध्यें जे आठ-पंधरा दिवस जातात त्यांचा विचार करण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

बारामती तालुक्यांतील कन्हेरी हें गांव तेथील मारुतीच्या देवळामुळें पुष्कळ वाचकांस ऐकून ठाऊक असेल. समजा, या कन्हेरीच्या शिवारांत एका एकत्र कुटुंबाच्या विहिरीवर पांच अश्वशक्तीचा सौर पंप बसला आहे. पहिला उन्हाळा उत्तम गेला. दुसऱ्या वर्षीं चैत्र सरतांना एक चमत्कार दिसूं लागला. सकाळीं दहा वाजतां पाण्याची धार मनगटाएवढी. दुपारीं एक वाजतां, म्हणजे ऊन ऐन भरांत असतां, ती बारीक. आणि चार वाजतां पुन्हां जाड. घरांतील वडीलधारी मंडळी प्लेटांस दोष देऊं लागली, धाकटी मंडळी कंपनीस, आणि शेजारी नशिबास. वैशाखांत एके दिवशीं खांबावरच्या पेटींतून ‘फट्’ असा आवाज निघाला आणि पंप थांबला. एप्रिलांत द्राक्षाची खरड छाटणी होऊन नवी फूट वर येत असते, सुरू ऊंसाला पाण्याची ओढ लागलेली असते, आणि नेमक्या याच वेळीं पेटी बसते. हा योगायोग नव्हे. पिकाला ज्या उन्हाचा त्रास होतो त्याच उन्हाचा त्रास पेटीलाहि होतो.

आतां या पेटींत आहे काय तें पाहूं. प्लेटांतून येणारी वीज एकाच दिशेनें वाहणारी असते. मोटारीला लागते ती तीन फेजांची, उलटसुलट होणारी. एकीची दुसरी करण्याचें काम पेटीचें. त्यासाठीं तींत सहा ट्रान्झिस्टर असतात. ट्रान्झिस्टर म्हणतांच आपल्यांतील वयस्क मंडळींस रेडिओ आठवेल. तोहि ट्रान्झिस्टरच, पण तो कुजबूज मोठी करण्याचें काम करी. येथील ट्रान्झिस्टर हें एक फाटक आहे. कालव्याच्या चारीवर पाटकरी जसें फाटक उघडतो व मिटतो, तसा हा विजेचा मार्ग उघडतो व मिटतो; फरक इतकाच कीं, पाटकरी हें काम दिवसांतून दोनदां करतो आणि हा एका सेकंदांत हजारों वेळां करतो.

फाटक पूर्ण उघडें असलें म्हणजे पाणी मुकाट्यानें जातें. पूर्ण मिटलेलें असलें म्हणजे पाणी मुकाट्यानें उभें राहतें. खळबळ, फेंस आणि गर्जना होते ती फाटक अर्धवट उघडें असतांना. ट्रान्झिस्टरचेंहि हुबेहूब तसेंच आहे. मिटलेला असतां त्यावर दाब असतो पण प्रवाह नसतो. उघडा असतां प्रवाह असतो पण दाब नाममात्र, दीड-दोन व्होल्टांचा, राहतो. दाब आणि प्रवाह हे दोन्ही एकाच वेळीं हजर असतात ते केवळ उघडझांप होण्याच्या क्षणीं. आणि दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजेच उष्णता. हा क्षण एका सेकंदाच्या कांहीं कोट्यंशांइतका लहान असतो खरा, परंतु सेकंदांत असे वीस हजार क्षण आले म्हणजे त्यांची बेरीज हलकी राहत नाहीं.

पांच अश्वशक्तीच्या पंपासाठीं, उदाहरणाला सोपें पडावें म्हणून, प्रत्येक ट्रान्झिस्टर पंधरा वॅट उष्णता निर्माण करतो असें धरूं. सहांची मिळून नव्वद वॅट झाली. जुन्या काळीं आपल्या दिवाणखान्यांत शंभर वॅटचा तारेचा दिवा असे. तो पेटल्यावर त्याला हात लावण्याची छाती कोणाची होत नसे. जवळजवळ तसा एक दिवा पत्र्याच्या बंद पेटींत ठेवून ती पेटी वैशाखाच्या उन्हांत टांगली, अशी कल्पना वाचकांनीं करावी. आणि ही सर्व उष्णता ज्या सिलिकॉनच्या चकत्यांतून निघते, त्यांतील एकेक चकती करंगळीच्या नखाहून फार मोठी नसते. या चकतीला साधारणतः दीडशें अंशांपर्यंत ताप सोसतो. पुढें ती आपले गुण सोडते, आणि एकदां सोडले कीं पुन्हां धरीत नाहीं.

म्हणून उष्णतेला बाहेर जाण्याची वाट करून द्यावी लागते. चकतीपासून ट्रान्झिस्टरच्या पाठीपर्यंत, पाठीपासून ॲल्युमिनियमच्या पंखांच्या ठोकळ्यापर्यंत, आणि ठोकळ्यापासून हवेपर्यंत, अशी ही तीन मुक्कामांची वाट आहे. या ठोकळ्याला कारागीर ‘हीट सिंक’ म्हणतात. प्रत्येक मुक्कामावर थोडी अडवणूक होते, आणि ती दर वॅटमागें किती अंश चढतात यावर मोजतात. मघांचाच हिशेब पुढें चालवूं. पेटीच्या भोवतीं ४० अंशांचें ऊन असलें तर पेटीच्या आंत सहज ६० अंश होतात. ठोकळ्याची अडवणूक दर वॅटला ०.४ अंश धरली तर नव्वद वॅटांनीं ३६ अंश चढले, झाले ९६. पहिल्या दोन मुक्कामांची मिळून दीड अंश धरली तर एका ट्रान्झिस्टरच्या पंधरा वॅटांनीं आणखी साडेबावीस, झाले ११८॥. दीडशेंच्या आंत आहे, चिंता नाहीं.

परंतु त्या ठोकळ्याच्या पंखांत ऊंसाच्या पाचटाची धूळ बसली, एखाद्या कुंभारीण माशीनें मातीचें घर केलें, वर कोळ्यानें जाळें विणलें, आणि अडवणूक ०.४ ची ०.८ झाली असें समजा. आतां ठोकळ्यापाशींच ७२ अंश चढले. चकतीपाशीं साडेचोपन्न वर शंभर. ट्रान्झिस्टर तोच, पंप तोच, कंपनी तीच. मधें आली ती मूठभर माती. पहिला उन्हाळा चांगला जाऊन दुसऱ्या उन्हाळ्यांत दुखणें उद्भवतें त्याचें एक कारण हें आहे.

दुसरें कारण ट्रान्झिस्टरच्या पाठीशीं लपलेलें असतें. धातूचे दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तरी ते सर्वत्र टेकत नाहींत. मधें केसाएवढ्या पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा असते. गृहिणींस हें वेगळें सांगावयास नको. पोळी जेथें तव्याला टेकत नाहीं तेथें ती कच्ची राहते, तव्याखालचा जाळ कितीहि मोठा असो. या पोकळ्या बुजविण्यासाठीं मधें एक पांढरें लुकण लावतात. तें वर्षानुवर्षें तापून निवून वाळतें आणि त्याची भुकटी होते. शिवाय रोज दिवसा तापणें व रात्रीं निवणें यामुळें स्क्रूहि ढिले पडतात. या एका जागेची अडवणूक एका अंशानें वाढली तरी प्रत्येक ट्रान्झिस्टर पंधरा अंशांनीं अधिक तापतो.

दुपारीं धार बारीक होण्याचा उलगडा आतां होईल. चांगल्या पेटींत तापमान मोजणारा एक पहारेकरी असतो. ताप एका मर्यादेपलीकडे गेला कीं तो मोटारीची गति कमी करतो, म्हणजे प्रवाह घटून उष्णता कमी होते. प्लेटाहि तापल्या म्हणजे दर अंशामागें सुमारें हजारी चार भाग वीज कमी देतात, हें खरें. परंतु तेवढ्यानें धार निम्मी होत नाहीं. कडक ऊन असतांना पाणी कमी आणि ऊन उतरल्यावर जास्त, हें लक्षण दिसलें तर प्लेटा पुसण्याच्या आधीं पेटीकडे जावें. ती बोलत असते. आपण ऐकत नाहीं.

येथवर जें सांगितलें तें उघड उष्णतेबद्दल झालें. पण असाहि प्रसंग येतो कीं, पेटी सांवलींत आहे, पंख स्वच्छ आहेत, लुकण नवें आहे, कारागिरानें नवा ट्रान्झिस्टर बसविला आहे, आणि तो आठ दिवसांत पुन्हां जातो. मग दुसरा, मग तिसरा. कारागीर म्हणतो, “माल खराब आला.” माल खराब येतो, नाहीं असें नाहीं, बाजारांत नकली ट्रान्झिस्टरांचा सुळसुळाट आहे. तथापि एकाच जागीं तीन वेळां माल खराब कसा येतो, हें कोणी विचारीत नाहीं.

विहिरीवर मोटार चालूं असतांना वीज एकदम गेली तर काय होतें तें शेतकऱ्यास ठाऊक आहे. वर चढत असलेला पाण्याचा स्तंभ क्षणभर थबकतो, मागें फिरतो आणि झडपेवर आदळतो. ‘धाड्’ असा आवाज होऊन सगळी पाइपलाइन हादरते, आणि एखादे वेळीं सांधा फुटतो. वाहत्या वस्तूला एकाएकीं थांबविलें तर ती आपला राग कोठें तरी काढतेच. विजेलाहि हा स्वभाव आहे. तार कितीहि सरळ असो, तिच्यांत प्रवाहाला चालूं ठेवण्याची ओढ असते. एक मीटर तारेंत ही ओढ सुमारें एक मायक्रोहेन्री भरते. आंकडा क्षुल्लक दिसतो. परंतु वीस अँपिअरचा प्रवाह एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत तोडला, तर तेवढ्या मीटरभर तारेंतून २०० व्होल्टांचा तडाखा उसळतो. पेटींत आधींच पांचशें व्होल्ट असले तर मिटणाऱ्या फाटकावर त्या क्षणीं सातशें पडतात. ट्रान्झिस्टर सहाशेंचा असेल तर त्याचें काय होईल तें सांगावयास नको; बाराशेंचा असेल तरी हा तडाखा एकदां बसून थांबत नाहीं. घंटेवर टोला मारल्यावर ती जशी कांहीं वेळ थरथरत राहते तसा दाब वरखालीं थरथरत राहतो, आणि प्रत्येक थरथरीबरोबर ट्रान्झिस्टरमध्यें थोडी उष्णता सांडते. म्हणजे जी पेटी उन्हानें तापत नाहीं ती या अदृश्य टोल्यांनीं तापूं शकते.

या टोल्यावरील उपाय म्हणजे स्नबर. धांवती दोरी खुंटाला वेढा देऊन आवरणें, असा अर्थ असलेल्या इंग्रजी क्रियापदावरून हें नांव आलें आहे. मस्तवाल बैलाचा कासरा नुसत्या हातांत धरला तर हात सोलून निघतात. तोच खुंटाला एक वेढा दिला तर बैल हळूंहळूं थांबतो आणि त्याचा जोर घर्षणांत जिरतो. स्नबरमध्यें एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर एकापुढें एक जोडून फाटकाच्या दोन टोंकांस लावलेले असतात. फाटक मिटतांच थांबावयास नाखूष असलेला प्रवाह कपॅसिटरच्या भांड्यांत शिरतो. भांडें भरावयास वेळ लागतो, म्हणून दाब एकदम न चढतां सावकाश चढतो. पुढल्या वेळीं फाटक उघडलें कीं भांडें रिकामें होतें, आणि त्या वेळीं प्रवाहाचा लोंढा फाटकावरच येऊं नये म्हणून मधें रेझिस्टर बसलेला असतो. थरथर जिरविण्याचें कामहि त्याचेंच. जी उष्णता ट्रान्झिस्टरच्या चकतींत सांडावयाची ती येथें आठ-बारा आण्यांच्या मातीच्या कांडींत सांडते; सर्व शहाणपण इतकेंच आहे.

मग मोठा कपॅसिटर लावावा, म्हणजे अधिक संरक्षण, असें कोणाच्याहि मनांत येईल. दुरुस्तीच्या दुकानांत अशी चूक नेहमीं होते. प्रत्येक भरण्या-रिकामें होण्यांत जी शक्ति जिरते ती कपॅसिटरच्या मापाशीं, दाबाच्या वर्गाशीं आणि सेकंदांतील फेऱ्यांशीं प्रमाणांत असते. एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर, पांचशें व्होल्ट आणि दहा हजार फेऱ्या असतां रेझिस्टरला अडीच वॅट सोसावे लागतात. कपॅसिटर दहापट केला कीं पंचवीस वॅट. कांडी काळी पडते, तडकते, मार्ग तुटतो. आणि स्नबर जागेवर दिसत असूनहि नसल्यासारखा होतो. तेव्हां माप किती घ्यावें यासाठीं एक सुंदर युक्ति आहे. ऑसिलोस्कोपवर थरथरीचा वेग पाहावा. फाटकाच्या टोंकांस लहान कपॅसिटर जोडीत जावें. थरथरीचा वेग बरोबर निम्मा झाला कीं थांबावें. जेवढा कपॅसिटर जोडला तो त्या जागीं मुळांत दडलेल्या धारकतेच्या तिप्पट असतो. त्यावरून तारेची ओढहि गणितानें निघते; ओढीला मूळच्या धारकतेनें भागून वर्गमूळ काढलें कीं रेझिस्टरचें माप मिळतें. शाळेंतील वर्गमूळ पुढें कोठें उपयोगी पडतें असें विचारणाऱ्या मुलांस हें उदाहरण अवश्य द्यावें.

आणखी एक बारीक पण घातक गोष्ट आहे. रेझिस्टर जळला म्हणून कारागीर त्याच ओहमांचा, पण अधिक वॅटांचा मजबूत रेझिस्टर लावतो. हा मजबूत रेझिस्टर पुष्कळदां तारेचें वेटोळें करून बनविलेला असतो, आणि वेटोळें म्हणजे तीच ओढ, जिच्यावर उपाय म्हणून स्नबर बसविला ! रोगावर औषध म्हणून रोगच पाजल्यासारखें हें आहे. तेथें बिनवेटोळ्याचा रेझिस्टर हवा, कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा हवा, आणि दोहोंचे पाय जितके आंखूड तितके बरे. विजेसाठीं बोटभर तारहि लांब असते.

येथें एक खुलासा केला पाहिजे. घरांतील इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, दूरचित्रवाणीचे संच यांत वर सांगितल्यासारखे स्नबर सर्रास आढळतात. घरच्या इन्व्हर्टरचें तर विशेषच आहे: बॅटरी बारा व्होल्टांची असल्यामुळें हजार वॅटांसाठीं ऐंशी-नव्वद अँपिअर खेंचावे लागतात, आणि एवढ्या प्रवाहाचा टोला जबर असतो. पंपाच्या पेटींत मात्र आजकाल प्रत्येक ट्रान्झिस्टरला निराळा स्नबर देण्याऐवजीं सहांच्या संचाच्या पायांशींच एक फिल्मचा कपॅसिटर घट्ट बसवितात आणि तारा पट्ट्यांसारख्या एकमेकींना चिकटवून ओढ मुळांतच कमी करतात. नवीन ट्रान्झिस्टर अधिक सोशिक झाले आहेत, हेंहि त्याचें एक कारण. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत भारतीय रेल्वेनें परदेशांतून आणलेल्या तीन-फेजी इंजिनांत जी.टी.ओ. नांवाचीं विजेचीं फाटकें होतीं. त्यांना मिटतांना इतका जपणुकीचा सांभाळ लागे कीं स्नबरांचें लटांबर त्यांच्याबरोबर अपरिहार्य होतें. पुढें त्यांची जागा आय.जी.बी.टी. या ट्रान्झिस्टरनें घेतली, आणि तोच आज आपल्या विहिरीवरील पेटींतहि असतो. या ट्रान्झिस्टरचे जनक बी. जयंत बालिगा हे मद्रासच्या आय.आय.टी.चे पदवीधर. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत असतांना १९८० च्या सुमारास त्यांनीं तो सिद्ध केला, आणि २०२४ सालीं फिनलंडचें मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक त्यांस मिळालें. घरांत मुलांस क्रिकेटपटूंचीं नांवें तोंडपाठ असतात. हेंहि एक नांव त्यांत असावें.

आतां कन्हेरीच्या आपल्या कल्पित पेटीकडे परत येऊं. वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं चार प्रश्न विचारतो, कारागिरानेंहि विचारावे. सहाहि ट्रान्झिस्टर सारखे तापतात कीं एकच ? सहाहि तापत असले तर दोष सर्वांच्या समाईक वाटेंत, म्हणजे धूळ, बंद पंखा, उन्हाचा मारा, किंवा पंपावरच जास्तीचा बोजा, जसें गाळानें धरलेला पंपाचा पंखा, यांत शोधावा. एकच तापत असला तर त्याचा स्क्रू, त्याचें लुकण, त्याचा स्नबर, किंवा त्याला मिळणारा हुकूम तपासावा. हुकूम म्हणजे फाटक उघडण्यासाठीं दिलेला सुमारें पंधरा व्होल्टांचा इशारा. तो देणारा लहान कपॅसिटर वाळला कीं इशारा दहावर घसरतो. मग फाटक अर्धवट उघडतें, आणि अर्धवट फाटकाची गर्जना आपण पाहिलीच आहे. हे लहान, रसायन भरलेले कपॅसिटर दहा अंश अधिक तापले तर त्यांचें आयुष्य जवळजवळ निम्में होतें; तेव्हां ट्रान्झिस्टर जळण्याचें मूळ पुष्कळदां दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत असतें. दुसरा प्रश्न असा कीं, बोजा नसतांनाहि तापतो काय ? मोटार सोडवून पेटी नुसती चालविली असतां ट्रान्झिस्टर तापूं लागला तर दोष पाण्याकडे नाहीं, पंपाकडे नाहीं. तो उघडझांपेंत आहे, आणि तेथें स्नबर, हुकूम व तारांची लांबी पाहावी. तारांची लांबी यासाठीं कीं, मागच्या दुरुस्तींत कोणी ट्रान्झिस्टर पट्टीवरून उचलून सोयीसाठीं चार बोटें तार जोडून बाहेर बसविला असेल तर तिसऱ्यांदा माल खराब कां निघाला त्याचें उत्तर तेथेंच आहे.

हे प्रश्न न विचारतां ट्रान्झिस्टर बदलणाऱ्या कारागिराचा दोष मी अर्धाच मानतो. त्याला पैसे मिळतात ते जळका तुकडा काढून नवा घातल्याचे. विचार केल्याचे त्याला कोणी देत नाहीं. गिऱ्हाईक पंप चालूं झाला कीं उठून जातें. एखाद्यानें तासभर बसून मोजमाप केलें आणि पांच रुपयांचा कपॅसिटर बदलून पांचशें रुपये मागितले तर आपणच त्याला लुटारू म्हणतों.

घरच्या मंडळींनीं पेटी उघडूं नये, हें मात्र निक्षून सांगावेंसें वाटतें. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांस तर विशेषच बजावावें. घरांतील दिवा बटण दाबलें कीं मेला. प्लेटांचें तसें नाहीं. जोंवर ऊन आहे तोंवर प्लेटांच्या तारांत कित्येक शें व्होल्ट जिवंत असतात आणि सूर्याला बटण नाहीं. पेटी बंद केल्यावरहि आंतले मोठे कपॅसिटर कांहीं मिनिटें भरलेले राहतात, आणि त्यांचा एक झटका हृदयाला पुरेसा होतो. चालूं पंपाच्या प्लेटांचे जोड ओढून तोडूं नयेत. एकाच दिशेच्या विजेची ठिणगी घरच्या विजेप्रमाणें आपोआप विझत नाहीं, ती तारेभर पेटत राहते. ट्रान्झिस्टर तापला कीं नाहीं हें बोट लावून पाहण्याची जी खोड दुकानांतून दिसते ती या पेटीपाशीं जिवावरची आहे, कारण कित्येक ट्रान्झिस्टरांच्या पाठीवर थेट वीज असते. शिवाय पांच वर्षांची हमी चालूं असतां आपण झांकण उघडलें तर हमी गमावण्याचा धोका निराळाच.

झांकण न उघडतांहि पुष्कळ करतां येतें. पेटी बहुधा प्लेटांच्या खांबालाच असते. ती प्लेटांच्या सांवलींत, उत्तरेच्या अंगास घ्यावी, म्हणून बसवितांनाच आग्रह धरावा. बसून गेली असेल तर पश्चिमेकडून तिसऱ्या प्रहरचें ऊन येतें त्या बाजूस, पेटीपासून वीतभर अंतर सोडून, पत्र्याचा आडोसा उभा करावा. पत्रा पेटीला चिकटवूं नये, मधून वारा खेळला पाहिजे. चोरीच्या भयानें पेटीला गोणपाट गुंडाळण्याची किंवा ती विटांच्या कोनाड्यांत बंद करण्याची चाल दिसते. चोराऐवजीं उष्णता आंत कोंडली जाते. पाठीमागचे पंख फाल्गुनांत, उन्हाळा लागण्यापूर्वीं, सूर्य मावळल्यावर पंप बंद करून, कोरड्या कुंचल्यानें झाडावे. पाण्याचा फवारा मारूं नये. पेटीच्या बुडाशीं जाळी असेल तर तींत मुंग्यांचें वारूळ चढत नाहीं ना, तें अधूनमधून पाहावें. आणि विहिरीवरच्या खोलींत एक वही टांगून ठेवावी. धार कोणत्या दिवशीं किती वाजतां बारीक झाली, त्या वेळीं ऊन कसें होतें, पेटीच्या पडद्यावर कोणता आंकडा किंवा कोणतें अक्षर उमटलें, हें तेथल्या तेथें लिहावें. पेटी बंद पडली म्हणजे पडद्यावरचें तें अक्षर पुसलें जातें, आणि कंपनीचा माणूस येतो तो चार दिवसांनीं, संध्याकाळीं, सर्व थंड झाल्यावर.